दोन बोटं कमी

३ ऑक्टोबर १९८१
आजही डब्यात तेल. डालड्याचा जुना डबा इंजिनाच्या मागच्या अंगाला तारेने बांधलाय, संध्याकाळपर्यंत तळ झाकण्याइतकं जमतं. थेंब थेंब. लाँच चालू असली की जास्त, उभी असली की कमी. डब्यात पडलं तर ठीक, बाहेर पडलं की तळाच्या पाण्यात जातं, आणि ते पाणी उपसून टाकलं की धरणावर रंगीत तवंग पसरतो. गळणं एवढंसं, पण रोजचं.
पाटबंधारे खात्याची ही लाँच म्हणजे मुंबईच्या बंदरातून निकालात काढलेलं धूड. त्यात ट्रकचं इंजिन बसवलंय. कोणी बसवलं, कधी, काही कागद नाही. नऊ वर्षं मी चालवतोय. नऊ वर्षं रोजंदारीवरच.
सकाळी इंजिनातलं तेल मोजायचा गज काढला, पुसला, परत घातला, पाहिला. तेल खुणेच्या खाली. अर्धा लिटर ओतून खुणेला आणलं. खूण म्हणजे खूण. आय.टी.आय.त आमचे मास्तर सांगायचे, मशीन तुमची जात विचारत नाही, फक्त खूण पाळा. त्या वर्गातलं हे एकच वाक्य मी घरी आणलं.

९ ऑक्टो.
पलीकडच्या पाड्यावरची सखूबाई आज धक्क्यावर हंडा घेऊन उभीच होती. बाजारला यायचं म्हणून नाही, भांडायला. हंडा माझ्या नाकाखाली धरला.
"बघ डायवर. तुझ्या लाँचीचं त्याल. आम्ही पाणी प्यावं का वात लावावी?"
बाकीच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही. खरंच वर तवंग होता. म्हटलं, वर कळवतो. म्हणाली, "वर म्हंजी कुठं? आभाळात?"
लॉगबुकात लिहिलं: मागील ऑइल सीलमधून किरकोळ गळती. हे वाक्य मी या नऊ वर्षांत किती वेळा लिहिलं असेल. कोणी वाचत नाही. लॉगबुक हे फक्त लिहिण्यासाठी असतं.

२१ ऑक्टो.
चमत्कार. खात्याने फिटर पाठवला. रंगनाथ मिस्त्री, सायखेड्याचे. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, शाळा चौथी. गावाकडे विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करता करता हात बसलेला, मग कालव्याच्या पंपांवर रोजंदारी. माझ्यासारखेच लटकलेले.
आल्या आल्या इंजिनाला कान लावला. पाना नाही, काही नाही, आधी कान. म्हटलं झालं, वैदूच आला.
"किती वर्सं चालवतो?"
"नऊ."
"आवाज चांगला हाय." जणू मुलगी बघायला आलेत.

२२ ऑक्टो.
गिअरबॉक्स मागे सरकवला, जुनं सील, म्हणजे दांडीभोवतीचं रबरी कडं, काढलं, नवं बसवलं. दोघांचे खांदे त्या पोकळीत मावत नाहीत, एकमेकांच्या घामात काम. माणसाचा हात मात्र सफाईदार. सील बसवताना हातोडी नाही, लाकडाचा ठोकळा ठेवून चहूबाजूंनी थोडं थोडं. हे मला शिकवलं नव्हतं कोणी. मनात म्हटलं, वाः.
दुपारी जेवायला बसलो. माझा मटका लाँचवर कायम भरलेला असतो, नळाचं पाणी घरून आणतो सायकलवर. पेला भरून पुढे केला. रंगनाथ म्हणाले, "राहू दे, राहू दे." उठले, कडेला गेले, वाकले, धरणातलं पाणी ओंजळीने प्याले.
तवंग हाताने बाजूला सारला आणि प्याले.
मी पेल्यातलं पाणी परत मटक्यात ओतलं. माझ्या मटक्यातल्या स्वच्छ पाण्यापेक्षा यांना इंजिनाचं तेल पवित्र.

२३ ऑक्टो.
डबा कोरडा. दिवसभर चालवली, थेंब नाही. तेल रंगनाथांनीच भरलं होतं काल. संध्याकाळी ते साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुक्कामाला गेले, आणखी पंप बघायचेत म्हणे.
घरी बायकोला, कमलला, सांगितलं मटक्याचं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "आणि सील?" म्हटलं, सील उत्तम. म्हणाली, "मग दोन्ही लिहून ठेवा तुमच्या वहीत." लिहिलं.

२५ ऑक्टो.
गज पाहिला. तेल खुणेच्या दोन बोटं खाली! कालही तसंच असणार, मी बघितलं नाही, यांच्यावर विश्वास ठेवला. एवढा सफाईदार हात आणि तेल भरताना आळस. खुणेपर्यंत भरलं.

२६ ऑक्टो.
गळायला लागलं. पुन्हा तेच, तिथूनच. तीन दिवस टिकलं रंगनाथ मिस्त्रींचं सील. तीन दिवस!

२ नोव्हेंबर
रंगनाथ पंपाकडून आले होते, धरून लाँचवर आणलं. डबा दाखवला. त्यांनी डब्याकडे पाहिलंच नाही, गज काढला.
"त्याल कुणी टाकलं?"
"मी. कमी होतं."
"कमीच ठिवायचं रे. दोन बोटं कमी ठेव, बंद हुईल."
"का?"
"का म्हंजी? मला म्हाईत हाय. विहिरीच्या काठावर इंजान वाकडं बसलं की आशीच खोड करतं."
हे काय विहिरीवरचं इंजिन आहे का! अंगात ताप आहे तर थर्मामीटर फोडा, ताप गेला. मी तसं बोललोही. ते म्हणाले, "तुमी शिकलेली माणसं." *तुमी*. तोपर्यंत तू होतो.
तुमी म्हणजे कोण, ते मला बरोबर कळलं.

१२ नोव्हें.
वरून मोठे साहेब येऊन गेले. नेमका धक्क्यावर तवंग. पांढरा रुमाल नाकाला. आमच्या साहेबांना सगळ्यांसमोर बोलले. साहेब मान खाली घालून उभे होते, मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.
ते गेल्यावर साहेबांनी बोलावलं. "सोनवणे, मला एक नाव पाहिजे." मी म्हटलं, इंजिन जुनं आहे साहेब. "इंजिनाला मेमो देता येत नाही."
मग आवाज उतरवून, "कायमच्या यादीत या भागातली दोन नावं आहेत. तुझं आणि त्या मिस्त्रीचं. जागा एक. तू लेखी जबाब दे, काय झालं ते. खरं तेच लिही."
खरं तेच लिही. किती सोपं करून ठेवलं माणसाने.

१३ नोव्हें.
जबाब दिला. इथे उतरवून ठेवतो:
"सदर फिटर यांनी सील बसविण्याचे काम निष्काळजीपणे केल्याने तीन दिवसांत गळती पूर्ववत झाली. विचारणा केली असता गळती लपविण्यासाठी इंजिनात तेल कमी ठेवण्याचा चुकीचा सल्ला दिला. तसे केल्यास इंजिन निकामी होण्याचा संभव होता."
यात एक शब्द खोटा नाही. अक्षरही चांगलं आलं.

१४ नोव्हें.
क.ला वाचून दाखवलं. वाटलं होतं म्हणेल, छान लिहिलंत. ती आमच्या कॉलनीच्या बालवाडीत शिकवते, तिला शुद्धलेखन बघायची सवय. तिने शुद्धलेखन बघितलं नाही.
"अहो, हे तुम्ही इंजिनाबद्दल लिहिलंत की पाण्याबद्दल?"
मी ताटावरून उठलो. काय गरज होती हिला? नऊ वर्षं धरणावर बाराही महिने उन्हातान्हात मी उभा. माझ्या हातून एक चूक होऊ दे, लोक म्हणतील, बघा, यांच्या हातात मशीन दिलं की असंच. आपली चूक एका माणसाची राहत नाही. म्हणून तर खूण पाळायची. पाण्याचा काय संबंध!

१ डिसेंबर
रंगनाथ मिस्त्रींना बंद केलं. उद्यापासून येऊ नका, एवढंच. रोजंदारीला त्याहून जास्त लिहावं लागत नाही.
लाँचवर हत्यारं घ्यायला आले. मी तांब्याची नळी पुसत बसलो होतो, पुसलेलीच परत पुसली. त्यांनी पिशवी भरली. वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"सील चांगलं बसलंय सोनवणे. मी बसवलंय."
मी वर पाहिलं नाही. तेही थांबले नाहीत.

१९ डिसें.
थंडी मरणाची. सकाळी सुरू करताना तेल गुळाच्या पाकासारखं. खुणेला आणलं. डबा चालूच.

११ जानेवारी १९८२
शहरातल्या वर्कशॉपमधून नवा फिटर. पँट इस्त्रीची, ओठात सिगारेट. सील बदललं, चार तासांत. जाताना म्हणाला, "हे भारीतलं आहे, आता टेन्शन नाही."
चहा मात्र प्याला, माझ्या पेल्यातून, दोनदा. चांगला माणूस आहे म्हटलं.

१४ जाने.
गळतंय.

२० जाने.
नव्या फिटरला निरोप धाडला. उत्तर आलं: जुनं इंजिन आहे, एवढं चालायचंच. साहेबही म्हणाले, "एवढं चालायचंच सोनवणे." मेमो नाही, जबाब नाही, कोणाचं नाव नको. म्हाताऱ्याच्या सीलला तीन दिवस मिळाले तर निष्काळजीपणा, याच्या सीलला तीन दिवस मिळाले तर चालायचंच.
बरं, मला काय त्याचं. मी का चिडतोय?

१४ एप्रिल
सुट्टी. कॉलनीत मिरवणूक. कार्यकर्ते म्हणाले, सोनवणे दादा आता कायम होणार, पेढे पाहिजेत. पुढच्या रांगेत उभं केलं. क. लांबून माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

६ मे
धरण खाली गेलंय. लाँच ओढून चिखलावर घेतली, रंगकामाला. पाण्याखालचा पंखा घासायचा म्हणून मागची बाजू दोन पिंपांवर उचलली. शेपूट वर, नाक खाली.
सवयीने सकाळी गज काढला. इंजिन चालवायचं नाही, तरी काढला. नऊ वर्षांची सवय, दात घासल्यासारखी.
तेल खुणेच्या चार बोटं वर.
पुसून परत घातला. चार बोटं वर. कोणी ओतलं? कोणीच नाही, तेलाच्या पिंपाची किल्ली माझ्या कमरेला. तेल आपोआप वाढतं का कुठे?

७ मे
झोप नाही. आज पिंपं काढून फळ्या घातल्या, इंजिन सपाट होईपर्यंत. साबणाच्या झाकणात पाणी घेऊन इंजिनावर ठेवलं, पाणी सगळ्या बाजूंनी सारखं होईपर्यंत फळ्या सरकवल्या. मग गज.
दोन बोटं वर. इंजिन सपाट असताना, खुणेच्या वर दोन बोटं जास्त.
इंजिन ट्रकचं. ट्रकमध्ये ते सपाट बसतं, खूण त्या हिशेबाची. लाँचमध्ये बसवणाऱ्याने पंख्याच्या दांडीला जुळावं म्हणून मागे उतरतं बसवलं. गज पुढच्या टोकाला. तेल मागे साठणार, पुढे कमी दिसणार, आणि मी दिसलं कमी की ओत, दिसलं कमी की ओत. मागे सील तेलात बुडालेलं. कुठलंही सील बसवा, गळणारच.
नऊ वर्षं. रोज सकाळी. गळती मी स्वतःच्या हाताने ओतत होतो.

८ मे
वही मागे चाळली. नसती चाळली तर बरं. २ नोव्हेंबर. माझंच अक्षर. *विहिरीच्या काठावर इंजान वाकडं बसलं की आशीच खोड करतं.* त्याखाली माझाच विनोद, थर्मामीटरचा.
सगळं सांगितलं होतं त्या माणसाने. एका ओळीत. मला ऐकू आलं फक्त 'तुमी शिकलेली माणसं'.
२३ ऑक्टोबर, डबा कोरडा. २५ ऑक्टोबर, खुणेपर्यंत भरलं. २६, गळायला लागलं. आंधळ्यालाही दिसावं असं एकाखाली एक लिहिलंय मी.

९ मे
क.ला सांगितलं. मी म्हटलं, बोल, तुला बोलायचंच असेल. म्हणाली, "मी काय बोलू? तुम्ही चूक केलीत ती खूण पाळून केलीत. ती मला कळते. पण जबाब?"
जबाब.
पाणी नाही प्याले ते. ते मी विसरणार नाही, का विसरावं? पण इंजिनाबद्दल खोटं नाही बोलले. मी त्यांच्या पाण्याची भरपाई इंजिनातून करून घेतली. आता दोन्ही बाजूंनी माझंच तोंड काळं.

२० मे
लाँच पाण्यात. तेल काढून कमी केलं, कानशीने गजावर नवी खूण केली, जुनीच्या दोन बोटं खाली. इंजिनावर झाकणातलं पाणी ठेवून पाहिलं, सगळं मागच्या काठाला गेलं. इतकं साधं. साबणाच्या झाकणात दिसत होतं नऊ वर्षं.

२४ मे
डबा कोरडा.

२६ मे
डबा कोरडा. इंजिनाला काही झालं नाही, तापत नाही, आवाज चांगला. "निकामी होण्याचा संभव होता." हॅ.
सखूबाई हंडा दाखवायला आली. "आता बरं हाय, डायवर. देव तुझं भलं करो." मी इंजिन जोरात केलं, पुढचं ऐकू येऊ नये म्हणून.

२ जून
साहेब तपासणीला. तळात हात घालून पाहिला, हात कोरडा, खूश. "बघ सोनवणे. माणूस बदलला की काम होतं. त्या म्हाताऱ्याला काढलं ते बरंच केलं आपण."
आपण!
म्हणजे आता कोरडा डबासुद्धा रंगनाथविरुद्ध साक्षीला उभा. तेल गळत होतं तेव्हा तो दोषी, थांबलं तेव्हाही तोच दोषी. तिथेच तोंड उघडायला हवं होतं. साहेब म्हणाले, तुझा कायमचा आदेश टायपाला गेलाय.

३ जून
घरात आनंद. म्हणजे मुलीला. क्वार्टर मिळणार, दारात गुलमोहर आहे म्हणते, कुठे बघून आली कोण जाणे. क.ने शिरा केला. माझ्या ताटात वाढताना हात जरा थांबला तिचा, की मलाच वाटलं.
सांगितलं तर काय होईल, मनात सारखं तेच. साहेबांनी वर दिलेला अहवाल खोटा ठरणार, ते मला सोडणार नाहीत. आदेश टायपातच राहील. आणि ऑफिसात बोलतील, नऊ वर्षं गज बघता येत नव्हता, काय तर म्हणे आय.टी.आय. नाही सांगितलं तर काही होणार नाही. हेच भयंकर आहे, काहीच होणार नाही.

९ जून
अर्ज लिहिला. "दि. १३/११ रोजी मी दिलेला जबाब चुकीच्या समजुतीवर आधारित होता..." चुकीच्या समजुतीवर! फाडला.
दुसरा लिहिला: "गळती माझ्या हातून होत होती. फिटर रंगनाथ यांचे काम व सल्ला दोन्ही बरोबर होते." दोनच ओळी. हा ठेवला. ट्रंकेत.

१३ जून
सायखेड्याला गेलो. एस.टी.त कांद्याच्या गोण्या, उभं राहायला जागा नाही. गावात विचारलं, मिस्त्री मळ्यात गेलेत, कुणाच्या तरी विहिरीवर.
इंजिनापाशी उकिडवे बसले होते. आणखी वाळलेत. मला पाहिलं, ओळखलं, पाना खाली ठेवला नाही. मी काय बोलायचं ते एस.टी.त पाठ केलं होतं, सगळं उडालं.
त्यांनीच विचारलं. आधी तेच विचारलं.
"थांबलं का गळायचं?"
"थांबलं. दोन बोटं कमी ठेवलं."
त्यांनी मान हलवली. आनंद नाही, राग नाही, इंजिनाबद्दल बोलताना हलवतात तशी. मग मी सांगितलं सगळं. पिंपं, फळ्या, झाकण. जबाबाचंही सांगितलं, शब्दन् शब्द. ऐकून घेतलं.
"ते मला म्हाईत व्हतं. वाचून दावला व्हता मला हापिसात." पाना पुसत, "साहेबाला सांगितलं का?"
"अजून नाही."
"मंग मला कशाला सांगतो? तुला हलकं व्हायचं म्हून?"
मी म्हटलं, सांगणार आहे. ते म्हणाले, "सांग न्हायतर नको सांगू. माझं वय गेलं. आसं कुणाच्या तरी मळ्यात बसतो, कुणी बलावलं तर. पोरगा म्हनतो, आबा, तुमचा हात गेला म्हून काढलं का? त्याला काय सांगू ते तेवढं सांग."
इंजिन सुरू केलं त्यांनी. पाइपातून पाणी पडायला लागलं. ऊन फार होतं. त्यांनी आपला पितळी तांब्या धुतला, भरला आणि माझ्यापुढे धरला. कसा, का, काही कळलं नाही. आठ महिन्यांत काही बदललं, की मळा परक्याचा म्हणून, की मुद्दाम. शेजारचा शेतकरी बांधावरून बघत होता. त्याच्यादेखत धरला.
माझा हात उचलला गेला होता. खरं सांगतो, गेला होता.
मग मी वाकलो, पाइपाला ओंजळ लावली आणि पाणी प्यालो.
सूड होता की लाज, अजून ठरत नाही. वर पाहिलं तेव्हा ते तांब्यातलं पाणी इंजिनाच्या पायाशी ओतत होते. हळूहळू, सगळं संपेपर्यंत.

१४ जून
क.ला सगळं सांगितलं, ओंजळीसकट. रडली. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, विचारलं नाही.
म्हणाली, "क्वार्टर नसलं तर चालेल मला. एवढंच सांगायचं होतं." मग लगेच, "पण मुलीला तुम्ही सांगायचं."

१८ जून
आदेश आलाय. कारकुनाने कानात सांगितलं, सोमवारी साहेब स्वतः लाँचवर येऊन देणार. सही करून रुजू व्हायचं. नऊ वर्षं याच कागदाची वाट पाहिली.

२१ जून
सकाळपासून लाँचवर. आभाळ भरलेलं, वारा नाही, पाणी काचेसारखं. एकही तवंग नाही.
गज पाहिला. नव्या खुणेला बरोबर.
अर्ज खिशात आहे, त्या दोन ओळींचा. घामाने मऊ पडलाय. पेन आहे. एकच पेन, दोन्ही कागदांना तेच लागणार. डबा सोडवून वर फळीवर ठेवलाय, साहेबांना येताच दिसेल असा. कोरडा, घासून पांढरा केलेला. त्यांनी पुन्हा म्हटलं की माणूस बदलल्यामुळे, तर मी म्हणणार आहे, साहेब, माणूस नव्हे, खूण बदलली. पाठ करून ठेवलंय. सायखेड्याला जातानाही पाठ केलंच होतं.
त्या पोराला काय सांगायचं तेवढं सांग, म्हणाले होते.
मटका भरलेला आहे. साहेब माझ्या मटक्यातलं पितात की नाही ते मी कधी पाहिलंच नाही, त्यांचा थर्मास असतो.
बंधाऱ्यावर जीप दिसतेय. वळली. अर्ज काढून हातात घेतलाय, घडी उघडून.